‘सिंड्रेला इज डेड’ वाचून पडलेले प्रश्न : डिस्टोपियन कादंबरीत दोन मुलींचे प्रेम नेमके काय काम करते?

समास

केलिन बेरन यांची ‘सिंड्रेला इज डेड’ (२०२०) ही कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली कादंबरी नुकतीच वाचून संपवली. कादंबरी आवडली, परंतु काही ठिकाणी मन अडखळले. हे अडखळणे माझ्या अपेक्षांमुळे आहे की लेखनातील उणिवांमुळे, हे ठरवता येत नसल्यामुळे येथील जाणकारांसमोर प्रश्न मांडते आहे.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते. सिंड्रेलाच्या मृत्यूला दोनशे वर्षे झाली आहेत आणि मर्सेल्स नावाच्या राज्यात तिची गोष्ट हीच आता राज्याची संहिता होऊन बसली आहे. राजवाड्याने मान्य केलेला तिचा पाठ मुलींना तोंडपाठ असावा लागतो. ठरावीक वयाच्या मुलींना दरवर्षी होणाऱ्या शाही नृत्यसमारंभाला हजर राहावेच लागते, तेथे पुरुष त्यांच्यातून आपली पत्नी निवडतात आणि जिची निवड होत नाही ती मुलगी पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. सोळा वर्षांच्या सोफियाचे प्रेम एरिन या आपल्या बालमैत्रिणीवर आहे. समारंभातून ती पळ काढते, सिंड्रेलाच्या समाधिस्थळी आसरा घेते आणि तेथे तिला कॉन्स्टन्स भेटते, जी सिंड्रेलाच्या सावत्र बहिणींच्या वंशातील आहे. पुढे दोघी मिळून राजाविरुद्ध उभ्या राहतात. याहून अधिक सांगत नाही, कारण सिंड्रेलाच्या मूळ गोष्टीत खरोखर काय घडले होते हा कादंबरीतील रहस्याचा भाग आहे.

माझा पहिला प्रश्न वेगाचा आहे. एरिनवरील प्रेम कादंबरीच्या अगदी आरंभीच्या वाक्यांत सांगितले जाते, म्हणजे ते आपल्याला आयतेच मिळते. आणि कॉन्स्टन्सवरील प्रेम इतक्या थोड्या काळात जुळते, की हे प्रेम आहे की संकटात सापडलेल्या दोन माणसांची जवळीक आहे, असा संशय येतो. पहिल्या प्रेमाची जखम भरण्याआधीच दुसरे उभे राहते आणि एरिन कथेच्या कडेला ढकलली जाते. हे मला एरिनवर अन्यायकारक वाटले.

दुसरा प्रश्न थोडा व्यापक आहे. राजा इतका निर्विवाद दुष्ट आहे, की या राज्याला ‘डिस्टोपिया’, म्हणजे जुलमी व्यवस्थेखाली पिचलेले काल्पनिक जग म्हणावे की केवळ परीकथेतील खलनायकाचे राज्य म्हणावे, हे मला कळले नाही. डिस्टोपियाकडून माझी अपेक्षा अशी असते, की त्यातील व्यवस्था एका माणसाच्या लहरीवर न चालता स्वतःच्या गतीने चालावी आणि सामान्य माणसांनीही आपापल्या परीने ती चालू ठेवावी.

आणि या दोन्हींतून निघणारा तिसरा प्रश्न : अशा कादंबऱ्यांमध्ये दोन मुलींच्या प्रेमाला खरोखर काही काम असते का, की नायक-नायिकेच्या जागी दोन नायिका बसवल्या म्हणजे झाले? यानंतर टेलर के मेहिया यांची ‘वी सेट द डार्क ऑन फायर’ वाचण्याचा विचार आहे. तेथेही हेच असेल तर आधीच कळलेले बरे.

वाळवी

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर मिळाले तर पहिल्याची धार बरीच कमी होईल असे मला वाटते.

राजा सपाट आहे हे मान्य. मात्र या कादंबरीतील व्यवस्था राजापेक्षा त्या पुस्तकात अधिक आहे. राजवाड्याने मान्य केलेल्या त्या गोष्टीत सावत्र बहिणी दुष्ट आहेत, सिंड्रेला सोशिक आहे, आणि सोशिकपणाचे बक्षीस म्हणून तिला राजपुत्र मिळतो. ही गोष्ट तोंडपाठ करणाऱ्या प्रत्येक मुलीला नकळत तीन गोष्टी शिकवल्या जातात : सहन करावे, नटावे आणि कोणीतरी निवडेपर्यंत थांबावे. दरवाजावर पहारेकरी उभा करण्यापेक्षा हे स्वस्त पडते. सोफियाचे आईवडील राजाचे हस्तक नाहीत. मुलीवर त्यांचे प्रेम आहे, आणि त्या प्रेमापोटीच ते तिला उत्तम पोशाख चढवून समारंभाला पाठवतात, कारण न पाठवण्याचा परिणाम त्यांना ठाऊक आहे. सामान्य माणसांनी चालू ठेवलेली व्यवस्था तुम्हाला हवी होती, ती याच घरात आहे. मला तर राजाच्या सर्व प्रवेशांपेक्षा आईने मुलीला नटवण्याचा भाग अधिक भयंकर वाटला. तेथे कोणीही आवाज चढवत नाही आणि प्रत्येक हात मायेनेच फिरतो.

आता एरिनकडे वळू. तुम्हाला ती कडेला ढकलली गेल्यासारखी वाटली. मी तिच्याकडे वेगळ्या रीतीने पाहतो. एकाच जाचाला माणसे किती निरनिराळ्या प्रकारे सामोरी जातात हे दाखवायचे असेल, तर प्रेम असूनही नकार देणारी व्यक्ती कथेत असावीच लागते. एरिनला सोफिया आवडत नाही असे कोठेही नाही. तिला जगायचे आहे, आणि जगण्याचा एकच मार्ग तिला शिकवला गेला आहे. सोफियाला तिचा राग येतो आणि वाचकालाही येतो, परंतु लेखिकेने तिला भित्री म्हणून हिणवलेले नाही. कॉन्स्टन्स अगदी निराळ्या मातीतली आहे, कारण ती त्या तोंडपाठ गोष्टीच्या बाहेर वाढली आहे. तिच्या घराण्याने सावत्र बहिणींची खरी हकिकत जपून ठेवलेली आहे. त्यामुळे सोफिया एरिनकडून कॉन्स्टन्सकडे जाते, तेव्हा ती राज्याच्या गोष्टीतून निघून दडवलेल्या गोष्टीत प्रवेश करत असते. प्रेमाचा वेग खटकतो हे खरे आहे, मलाही खटकला. पण त्या प्रेमाची दिशा आकस्मिक नाही.

वेगाविषयी आणखी एक सांगायला हवे. या प्रकारच्या कादंबऱ्यांत निवेदन बहुधा प्रथमपुरुषी आणि वर्तमानकाळी असते. ‘द हंगर गेम्स’ (२००८) नंतर तर ती जणू रीतच पडली. या निवेदनात निवेदिकेला पुढचे काही ठाऊक नसते, तिला मागे वळून तपासायलाही सवड नसते, आणि म्हणून ‘मी प्रेमात पडले’ हे तिला घडत असतानाच कळते. तृतीयपुरुषी निवेदक मध्ये चार महिने गेले असे एका ओळीत सांगू शकतो. ही मुलगी सांगू शकत नाही. त्याची किंमत प्रेमकथेला मोजावी लागते. हे समर्थन नाही, केवळ कारण सांगितले.

‘वी सेट द डार्क ऑन फायर’ (२०१९) अवश्य वाचा. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापेक्षा ती कादंबरी अधिक चांगले देईल.

तळटीप

वाळवी यांचे विवेचन वाचनीय आहे, पण माझे मत बरेच वेगळे आहे आणि ते मांडणे आवश्यक वाटते.

अशा कादंबऱ्या वाचताना मी एक साधी कसोटी लावते. प्रेमकथा मनातल्या मनात काढून टाकावी आणि उरलेली कथा उभी राहते का, ते पाहावे. जर ती आहे तशी उभी राहिली, तर प्रेमकथा ही सजावट होती. ‘द हंगर गेम्स’मध्ये प्रेम काढता येत नाही, कारण सर्वांना पडद्यावर दाखवल्या जाणाऱ्या जीवघेण्या खेळात उतरवलेल्या कॅटनिस आणि पीटा यांचे प्रेम हा कॅमेऱ्यासमोरचा डाव आहे, त्याच्या जोरावर प्रेक्षक वळतात, मदत मिळते आणि नियमसुद्धा बदलतो. ते प्रेम खरे किती आणि खोटे किती, हा प्रश्न त्या पात्रांनाही सुटत नाही, आणि तीच त्या राजवटीची खरी क्रूरता आहे. लॉरेन ऑलिव्हर यांच्या ‘डेलिरियम’मध्ये (२०११) प्रेम हाच रोग ठरवला गेला आहे आणि वयाच्या अठराव्या वर्षी त्यावर शस्त्रक्रिया केली जाते, म्हणजे तेथे प्रेम काढले तर कादंबरीच उरत नाही. ही दोन्ही प्रेमे स्त्री-पुरुषांची आहेत, पण कसोटीला त्याच्याशी देणेघेणे नाही.

‘सिंड्रेला इज डेड’ला ही कसोटी लावून पाहा. कॉन्स्टन्स ही सोफियाची केवळ सहकारी असती, तरी समाधिस्थळापासून राजवाड्यापर्यंतचा सगळा प्रवास जवळजवळ तसाच झाला असता. एरिनवरील प्रेम काढले तरीही सोफिया पळून गेली असती, कारण अशा समारंभातून पळून जाण्यासाठी स्वाभिमानाखेरीज दुसऱ्या कारणाची गरजच नाही. माझी तक्रार दोन मुलींच्या प्रेमाविषयी नाही. ते प्रेम कथेच्या यंत्रणेत गुंतवण्याचे कष्ट पुरेसे घेतले गेले नाहीत, ही माझी तक्रार आहे.

याउलट ‘वी सेट द डार्क ऑन फायर’ पाहा. मेदियो नावाच्या बेटावर वरच्या वर्गातील प्रत्येक पुरुषाला दोन पत्नी मिळतात. पहिली, म्हणजे प्रिमेरा, ही घरकारभार आणि समाजातील वावर सांभाळते. तिने भावना दिसू द्यायच्या नाहीत. दुसरी, म्हणजे सेगुंदा, हिने सुंदर असावे, मोहक असावे आणि मुलांना जन्म द्यावा. मुलींना या दोन भूमिकांसाठी शाळेत घडवले जाते. दानी ही प्रिमेरा आहे आणि तिच्याच नवऱ्याची सेगुंदा होऊन कार्मेन घरात येते, जी शाळेतली तिची वैरीण होती. एका माणसाच्या सोयीसाठी बाईचे दोन तुकडे करणारी ही व्यवस्था आहे, आणि त्या दोन तुकड्यांना एका छपराखाली आणून ठेवण्याची चूकही तिनेच केली आहे. त्या छपराखाली प्रेम निर्माण होते. ते प्रेम काढून पाहा. उरते ती एक बरी हेरकथा.

तपशिलाच्या पातळीवरही लेखिकेने हे सांभाळले आहे. प्रकरणांच्या आरंभी त्या शाळेच्या नियमपुस्तिकेतील वचने येतात, प्रिमेराने कसे बसावे, काय दाखवू नये वगैरे, आणि नंतरच्या प्रकरणात दानी त्यांतीलच एखादा नियम मोडण्याच्या बेतात असते. जिला चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू न देण्याचे शिक्षण मिळाले आहे, तिचे प्रेम दाखवायला मोठे प्रसंग लागत नाहीत. श्वास किंचित चुकला, नजर क्षणभर जास्त रेंगाळली, तरी वाचकाला कळते की भिंतीला तडा गेला. म्हणून त्या कादंबरीत वेग हळू आहे, तरीही कंटाळा येत नाही.

समास

दोघांचेही मनापासून आभार. वाळवी यांनी आईवडिलांविषयी लिहिलेले पटले; राजाकडेच पाहत राहिल्यामुळे ते घर मी पुरेसे पाहिले नव्हते. तळटीप यांची कसोटी उपयोगी आहे, पण तिच्याविषयी एक शंका आहे. ‘स्वाभिमान असलेली कोणतीही मुलगी पळून गेली असती’ असे म्हटले, तर सोफिया आणि तिच्या वयाच्या इतर मुली यांच्यात काहीच फरक उरत नाही. मला वाचताना तो फरक सतत जाणवत होता, केवळ तो नेमका कशात आहे हे शब्दांत पकडता येत नव्हते.

वाळवी

तो फरक असा सांगता येईल. समारंभाला जाणाऱ्या इतर मुलींना निदान नशिबाची आशा आहे. एखादा सहृदय पुरुष आपल्याला निवडेल, एखादे घर बरे निघेल, अशी समजूत त्या घालू शकतात आणि थोरली माणसे त्यांना तेच सांगत असतात. सोफियाला ही समजूत घालता येत नाही. तिच्या बाबतीत व्यवस्थेने दिलेला सर्वांत चांगला निकालसुद्धा हारच आहे. ज्याला व्यवस्थेच्या दयाळू चेहऱ्याकडूनही काही मिळण्यासारखे नाही, तोच त्या चेहऱ्याकडे न भुलता पाहू शकतो. म्हणून बंडाची सुरुवात तिच्यापासून होते, आणि म्हणून तळटीप यांच्या कसोटीत एरिनवरील प्रेम काढून टाकता येणार नाही, असे माझे मत आहे. कॉन्स्टन्सच्या बाबतीत मात्र कसोटीचा निकाल मी मान्य करतो.

रानजाई

चर्चा वाचत होते. एक बाजू अजून आलेली नाही, ती शेवटाची. मी या प्रकारची कादंबरी हातात घेतली की पहिला प्रश्न विचारते : शेवटी दोघी जिवंत राहतात का? काही वाचकांना हा प्रश्न बालिश वाटतो आणि रसभंगाची भीती दाखवली जाते. परंतु हा प्रश्न विचारण्यामागे इतिहास आहे.

दोन स्त्रियांच्या प्रेमाच्या कथा दीर्घकाळ मृत्यूत, वेडात किंवा एकीने पुरुषाकडे परतण्यात संपत आल्या. पॅट्रिशिया हायस्मिथ यांनी १९५२ साली टोपणनावाने ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’ प्रसिद्ध केली, तेव्हा शेवटी दोघींना एकत्र येण्याची आशा आहे, एवढ्यानेच ती वेगळी ठरली. कुमारवाचकांसाठीच्या साहित्यात नॅन्सी गार्डन यांच्या ‘अ‍ॅनी ऑन माय माइंड’ने (१९८२) तसाच शेवट दिला. त्या पुस्तकाची १९९३ साली अमेरिकेतील कॅन्सस सिटीत जाहीर होळी झाली, तेथील एका शालेय प्रशासनाने ते ग्रंथालयांतून काढले आणि १९९५ साली न्यायालयाच्या आदेशाने ते परत ठेवावे लागले. ते डिस्टोपियन पुस्तक नाही. पुस्तकांवरील नियंत्रणाचा भाग मात्र कोणत्याही डिस्टोपियात शोभला असता.

डिस्टोपियात ही भीती दुपटीने असते, कारण तेथे माणसे मरणे हा कथेचा नित्यक्रम असतो. ‘द हंड्रेड’ या मालिकेत २०१६ च्या मार्च महिन्यात लेक्सा ही योद्धा नायिका मारली गेली. मालिका कुमारवाचकांच्या कादंबऱ्यांवरून घेतलेली असली, तरी लेक्सा मूळ पुस्तकांत नव्हती. मालिकेची मुख्य नायिका क्लार्क हिच्याशी तिचे मीलन होते आणि लगेच दुसऱ्यावर झाडलेली गोळी तिला लागते. युद्धात, निर्णयाच्या क्षणी, स्वतःच्या निवडीने ती मेली असती तर दुःख झाले असते, पण फसवणूक झाल्याची भावना आली नसती. प्रेक्षकांचा संताप मोठा होता आणि पडद्यावर समलिंगी स्त्रिया किती सहजपणे मारल्या जातात यावर त्यानंतर बरीच चर्चा झाली. पुढच्या काळात लिहिल्या गेलेल्या कुमारवयीन डिस्टोपियांत मला एक फरक जाणवतो. संकटे तितकीच भीषण असतात, पण प्रेम करणाऱ्या मुलींना केवळ वाचकाला धक्का द्यायचा म्हणून मारले जाण्याचे प्रमाण कमी वाटते. हे माझ्या वाचनापुरते निरीक्षण आहे.

आता दुसरा मुद्दा. तळटीप यांच्या कसोटीत एक गृहीतक दडलेले आहे, की राजवटीने त्या प्रेमाला विरोध केला तरच ते कथेत ‘गुंतलेले’ ठरते. हे मला मान्य नाही. ‘गिअरब्रेकर्स’ (२०२१) या कादंबरीत गोडोलिया नावाची जुलमी सत्ता देवतांच्या आकाराची प्रचंड यंत्रे वापरून लोकांना चिरडते. एरिस ही यंत्रे फोडणाऱ्यांच्या टोळीतली आहे. सोना ही त्याच यंत्रांपैकी एकाची चालक आहे. यंत्राशी जोडले जावे म्हणून तिचे शरीर बदलले गेले आहे, आणि ती सत्तेला आतून संपवण्यासाठी तेथे शिरली आहे. या दोघींच्या मध्ये कोणताही ‘मुलीने मुलीवर प्रेम करू नये’ असा नियम येत नाही. त्या जगात त्याबद्दल कोणाला काहीच वाटत नाही. मध्ये येते ती शत्रूवर विश्वास ठेवण्याची अडचण, आणि सोनाला स्वतःच्याच देहाविषयी वाटणारी घृणा. जो देह जुलमी सत्तेने घडवला, त्यावर कोणी प्रेम करू शकेल का, या प्रश्नासाठी प्रेमकथा तेथे हवीच होती.

त्यामुळे मी तरी दोन प्रकारच्या कादंबऱ्या वेगवेगळ्या मनाने वाचते. काहींत प्रेम हाच गुन्हा असतो आणि वाचकाला स्वतःच्या जगातील बंधने अधिक ठळक होऊन दिसतात. काहींत जुलूम अपार असतो, पण हा एक जुलूम तेवढा नसतो, आणि ज्या मुलींना रोज या एकाच गोष्टीवर खुलासा द्यावा लागतो त्यांना निदान चारशे पाने तरी त्यातून सुट्टी मिळते. सोळाव्या वर्षी मला दुसऱ्या प्रकारचे पुस्तक मिळाले असते तर ते मी झोपताना उशाशी ठेवले असते.

तळटीप

‘गिअरब्रेकर्स’चा दाखला योग्य आहे. विरोध करणारी राजवट हवीच, असे मला म्हणायचे नव्हते; प्रेम आणि राजवट यांचा कोठेतरी सांधा जुळलेला असावा, एवढेच म्हणायचे होते. सोनाच्या देहाच्या रूपाने तो तेथे जुळलेला आहे. वाळवी यांनी ‘सर्वांत चांगला निकालसुद्धा हारच’ म्हणून जो मुद्दा मांडला, त्यावर मात्र माझी हरकत कायम आहे. तो विचार वाळवी यांचा म्हणून उत्तम आहे, पण कादंबरीत तो इतक्या स्पष्टपणे कोठे आला आहे? सोफिया सरसकट सगळ्याच मुलींच्या वतीने संतापते. तो संताप मोलाचा असला, तरी त्यामुळे तिचे स्वतःचे वेगळेपण अनेकदा झाकले जाते. लेखिकेने तिला थोडे कमी बोलू दिले असते, तर हा मुद्दा वाचकाला आपोआप गवसला असता.

मुखपृष्ठ

चर्चेच्या ओघात एक व्यावहारिक प्रश्न विचारतो. माझी भाची तेरा वर्षांची आहे, वाचनवेडी आहे आणि अशा कादंबऱ्यांची यादी मागते आहे. ‘गर्ल्स ऑफ पेपर अँड फायर’चे नाव वारंवार ऐकू येते. ती या यादीत बसेल का? आणि येथे उल्लेख झालेल्यांपैकी कोणती आधी द्यावी?

रानजाई

‘गर्ल्स ऑफ पेपर अँड फायर’ (२०१८) ही काटेकोरपणे पाहता डिस्टोपिया नसून काल्पनिक साम्राज्याची कथा आहे, पण जन्मावरून ठरलेल्या तीन जाती, सर्वांत खालच्या जातीतील मुलींना राक्षसराजाच्या उपभोगासाठी राजवाड्यात आणण्याची प्रथा, आणि त्या मुलींपैकीच लेई व रेन या दोघींचे प्रेम, यांमुळे तिचे नाव या चर्चेत येणे साहजिक आहे. माझ्या मते दोघींमधील जवळीक येथे उल्लेख झालेल्या सर्व पुस्तकांपेक्षा त्या पुस्तकात अधिक चांगली उतरली आहे. तथापि त्यात लैंगिक अत्याचार आहे, तो कथेच्या केंद्रस्थानी आहे, आणि लेखिकेने आरंभीच वाचकाला त्याची पूर्वसूचना दिलेली आहे. ती सूचना आधी तुम्ही वाचा, मग पुस्तकही तुम्हीच आधी वाचा, आणि नंतर ठरवा. तेरा हे वय सरसकट लहान आहे असे मी म्हणणार नाही, कारण मुलेमुली त्या वयात बरेच काही पेलतात. परंतु हे पुस्तक तिने एकटीने वाचावे आणि नंतर बोलायला कोणी नसावे, असे होऊ नये.

आरंभ ‘सिंड्रेला इज डेड’ने करावा. त्यातही घरातील मारहाणीचे आणि हिंसेचे प्रसंग आहेत, पण कथा एकाच भागात पूर्ण होते, मूळ परीकथा तिला ठाऊक असेल, आणि ज्या वेगाविषयी वर इतकी तक्रार झाली तो वेग तेराव्या वर्षी गुणच वाटतो.

वाळवी

रानजाई यांच्याशी सहमत. समास यांच्यासाठी शेवटची एक सूचना : ‘वी सेट द डार्क ऑन फायर’ आणायची असेल तर तिचा पुढचा भाग, ‘वी अनलीश द मर्सिलेस स्टॉर्म’ (२०२०), हाही सोबतच आणा. पहिला भाग अशा ठिकाणी संपतो की त्याआधीची अनेक दृश्ये पुन्हा उघडून पाहावीशी वाटतात, आणि दुसरा भाग दानीऐवजी कार्मेनच्या दृष्टीतून पुढे जातो. दोन्ही भागांच्या मध्ये फार खंड पडला तर पहिल्यात कार्मेन कोठे काय बोलली होती हे विसरायला होते, आणि दुसऱ्याची निम्मी मजा त्या बोलण्यातच आहे.